बोटीतली माणसं आणि सरकारी शब्द



घरदार, शेतीवाडी, नातीगोती मागे टाकून जी माणसं एखाद्या जुनाट लाकडी बोटीत बसतात आणि कधी न पाहिलेल्या किनाऱ्याकडे निघतात, त्यांच्याबद्दल सरकारं कोणत्या भाषेत बोलतात, हा आजचा माझा विषय आहे. भूमध्य समुद्रात हे रोज घडतं. इंग्लिश खाडीत घडतं. आपल्या अंदमानच्या समुद्रातही घडतं. मी मात्र आज एकाच देशाबद्दल बोलणार आहे, तो म्हणजे ऑस्ट्रेलिया. तिथे सरकार काय म्हणालं आणि प्रत्यक्षात काय घडलं, या दोन्हींची नोंद तिथल्याच संसदेने, न्यायालयांनी आणि वार्ताहरांनी करून ठेवली आहे. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज मेलबर्न-सिडनीला राहतात. तो देश आपल्याला अगदी परका उरलेला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फसव्या सरकारी भाषेने बोटीतला माणूस फसत नाही. आपल्यावर काय वेळ आली आहे, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. फसतो तो किनाऱ्यावरचा नागरिक. जे कृत्य डोळ्यांदेखत घडलं असतं तर त्याने कधीच होऊ दिलं नसतं, त्याच कृत्याला ही भाषा त्याची संमती मिळवते. कशी मिळवते? चार पायऱ्यांनी. आधी माणसाला गुन्हेगाराचं नाव द्यायचं. मग त्याचं खोटं चित्र लोकांपुढे ठेवायचं. मग घडतंय ते झाकायचं. आणि शेवटी, झाल्या प्रकाराला दया म्हणायचं. या चारही पायऱ्या आपण ओळीने पाहू.

पहिली पायरी नावाची.

एप्रिल १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन बंदरात, एक छोटी बोट लागली. आत पाच व्हिएतनामी होते. पुढच्या पाच वर्षांत असेच सुमारे दोन हजार लोक बोटींतून आले. त्यांना विरोध झाला, वाईटसाईट बोललं गेलं. तरीही माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने त्यांना राहू दिलं आणि आग्नेय आशियातल्या छावण्यांमधून आणखी हजारो व्हिएतनामी लोकांना विमानाने आणून वसवलं. तोच देश, तोच समुद्र, तशाच बोटी. मग पुढे असं काय बदललं?

आंतरराष्ट्रीय कायदा तर बदलला नव्हता. १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यावर पुरेशा देशांची मोहोर उमटली आणि १९५४ साली तो अमलात आला. त्या मोजक्या पहिल्या देशांपैकी एक होता ऑस्ट्रेलिया. त्या कराराचं ३१ वं कलम सांगतं की जिवाच्या भीतीने थेट पळून आलेल्या आणि स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला विनापरवाना प्रवेशासाठी शिक्षा करू नये. करार करणाऱ्यांनी हे उगाच लिहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धाची राख अजून गरम होती. ज्याच्या मागे पोलिस लागले आहेत त्याला त्याच पोलिसांकडून पासपोर्ट कसा मिळणार, हे त्यांनी पाहिलं होतं. व्हिसा नसताना येणं ही परवान्याची त्रुटी झाली. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तो फौजदारी गुन्हा नाही.

आणि तरीही ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याचे नवे मंत्री स्कॉट मॉरिसन यांच्या खात्यात सूचना निघाली की समुद्रमार्गे आलेल्यांना यापुढे ‘बेकायदा सागरी आगमन’ म्हणायचं. आधीचा शब्द ‘अनियमित’ असा होता. त्याच्या जागी ‘बेकायदा’ आला. प्रवेशाची रीत बेकायदा असते, असा मंत्र्यांचा बचाव होता. पण शब्द रीतीला चिकटला का? तो माणसाला चिकटला. बाईला चिकटला, तिच्या कडेवरच्या मुलालाही चिकटला. आणि नीट ऐका, त्या शब्दप्रयोगात माणूस कुठेच नाही. ‘आगमन’ आहे. पोटभर रडणारं, थंडीने काकडणारं, आईला हाक मारणारं पोर एक आगमन झालं.

याच्या जोडीला आणखी एक शब्द रुळला होता, ‘रांग मोडणारे’. रांग म्हटलं की आपल्याला पटतं. रांग मोडणाऱ्याचा आपल्याला राग येतो आणि तो यायलाच हवा. पण ती रांग होती कुठे? २००१ साली तालिबानच्या तावडीतून पळणाऱ्या हजारा समाजाच्या माणसाने कोणत्या खिडकीपुढे उभं राहायचं होतं? काबूलमध्ये ऑस्ट्रेलियाचा दूतावास नव्हता. बगदादमध्येही नव्हता. जगातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी शंभरात एकाचंसुद्धा तिसऱ्या देशात पुनर्वसन होत नाही. याला रांग म्हणत नाहीत. आणि बोटीतून आलेले हे लोक खरे निर्वासित होते की नाही? ऑस्ट्रेलियन संसदेच्या ग्रंथालयाने आकडे देऊन ठेवले आहेत. वेगवेगळ्या काळांत, छाननीअंती, त्यांतले सत्तर ते सत्त्याण्णव टक्के लोक खरे निर्वासित ठरले. सरकारच्याच यंत्रणेने ज्यांना पुढे निर्वासित म्हणून मान्यता दिली, त्यांनाच सरकार आधी बेकायदा म्हणून मोकळं झालं होतं.

नावाने काय होतं, असं कुणी विचारेल. महाराष्ट्रात तरी हा प्रश्न पडू नये. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि पुढे कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, तिथे हजेरी लागायची. १९५२ साली तो कायदा गेला, लोक विमुक्त झाले. पण गावात चोरी झाली की पोलिसांची जीप आजही आधी कुणाच्या पालावर जाते? कायदा रद्द होतो, शब्द लवकर रद्द होत नाही. म्हणून सरकार एखाद्या समूहाला नाव देतं तेव्हा कान टवकारले पाहिजेत.

दुसरी पायरी चित्राची.

२६ ऑगस्ट २००१. ‘टँपा’ नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने हिंदी महासागरात एका बुडत्या बोटीतून ४३३ आश्रयार्थींना वाचवलं. बहुतेक जण अफगाणिस्तानातले होते. कप्तान आर्ने रिनान यांना ऑस्ट्रेलियाने सांगितलं, आमच्या हद्दीत यायचं नाही. जहाजावर माणसं आजारी पडली, तेव्हा ते हद्दीत शिरले आणि ऑस्ट्रेलियाचे कमांडो जहाजावर चढले. समुद्राचा कायदा फार जुना आणि फार साधा आहे. संकटात सापडलेल्या माणसाला वाचवायचं. तो कुठला, कोण, कागद आहेत का, हे विचारायचं नाही. रिनान तेवढंच जाणत होते. पुढच्या वर्षी त्यांना, त्यांच्या खलाशांना आणि जहाजाच्या कंपनीला निर्वासितांच्या सेवेसाठीचा नान्सेन पुरस्कार मिळाला. वाचवलेल्या लोकांपैकी बहुतेकांची रवानगी मात्र नाऊरू नावाच्या टीचभर बेटावर झाली.

त्याच २००१ साली, ५ ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियात निवडणूक जाहीर झाली. ६ ऑक्टोबरला ‘ॲडलेड’ या युद्धनौकेने २२३ जणांची एक बोट अडवली. ७ तारखेला मंत्री फिलिप रडॉक यांनी पत्रकारांना सांगितलं की त्या बोटीवरच्या लोकांनी आपली मुलं समुद्रात फेकली. कशासाठी? तर नौदलाने आपल्याला उचलून ऑस्ट्रेलियाला न्यावं म्हणून. देशभर संताप उसळला. असले आईबाप आपल्याला हवेत कशाला, असं जो तो म्हणू लागला. १० तारखेला संरक्षणमंत्री पीटर रीथ यांनी पुरावा म्हणून छायाचित्रंच प्रसिद्ध केली. पाण्यात माणसं, पाण्यात मुलं, त्यांना धरणारे खलाशी.

छायाचित्रं खरी होती. ती होती ८ ऑक्टोबरची. त्या दिवशी ती बोट बुडाली, सगळे पाण्यात पडले आणि त्याच युद्धनौकेच्या खलाशांनी पाण्यात उड्या मारून त्यांना वाचवलं. खलाशांच्या शौर्याची ती छायाचित्रं होती. त्यांच्याखालच्या ओळी आणि तारखा नव्हत्या, एवढंच. कुणीही कुठलंही मूल समुद्रात फेकलेलं नव्हतं. काही दिवसांतच नौदलातल्या अधिकाऱ्यांना हे कळलं होतं. ७ नोव्हेंबरला एअर मार्शल अँगस ह्यूस्टन यांनी संरक्षणमंत्र्यांना तसं स्पष्ट सांगितलं. १० नोव्हेंबरला मतदान झालं. मधल्या तीन दिवसांत सरकारने देशाची चूक दुरुस्त केली का? नाही केली. सरकार पुन्हा निवडून आलं.

पुढे सिनेटने चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे आलेली एक साक्ष मी कधी विसरू शकत नाही. संरक्षण खात्याच्या जनसंपर्क विभागाला मंत्र्यांच्या कार्यालयातून सूचना होती की या लोकांना माणूसपण देणारी, त्यांची व्यक्ती म्हणून ओळख पटवणारी छायाचित्रं घेतली जाऊ नयेत. म्हणजे खोटं चित्र दाखवायचंच, आणि खरं चित्र निघूच द्यायचं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये समितीचा अहवाल आला. मुलं फेकली गेली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. आणि त्या समितीचं अधिकृत नाव काय होतं ठाऊक आहे? ‘एका विशिष्ट सागरी घटनेविषयीची निवड समिती’. सत्य शोधायला बसलेल्या समितीच्या नावातसुद्धा ना मूल होतं, ना माणूस.

ऑक्टोबर २००१ मधलीच दुसरी गोष्ट ऐका. अडवलेल्या बोटींना सरकार एक संक्षिप्त नाव आणि एक क्रमांक देत असे. १९ ऑक्टोबर २००१ रोजी इंडोनेशियाहून निघालेली एक बोट जावाच्या दक्षिणेला बुडाली. तिला क्रमांकही मिळाला नव्हता, म्हणून क्रमांकाच्या जागी ‘एक्स’ लावून ती ओळखली जाते. तिच्यावर ३५३ माणसं मेली. त्यांत १४६ मुलं होती आणि १४२ बायका. एवढ्या बायका-मुलं का? १९९९ साली सरकारने बोटीतून आलेल्या निर्वासितांसाठी एक नवा व्हिसा काढला होता, नाव ‘तात्पुरता संरक्षण व्हिसा’. ज्याला तो मिळाला, त्याला आपल्या बायकोमुलांना रीतसर बोलावून घेता येत नसे. नवरा सिडनीत सुरक्षित, बायको-मुलं इंडोनेशियात ताटकळत. भेटायला वाट एकच उरली, समुद्राची. नावात ‘संरक्षण’ असलेल्या त्या कागदाने कुणाला संरक्षण दिलं? मुलं पाण्यात फेकतात म्हणून ज्या आयांना साऱ्या देशाने दूषणं दिली, तशाच आया बारा दिवसांनी आपल्या मुलांना त्यांच्या बापाकडे नेताना मुलांसकट बुडाल्या. कॅनबेरात तळ्याकाठी आज ३५३ खांब उभे आहेत, देशभरातल्या शाळांनी आणि सामान्य माणसांनी रंगवलेले. त्यांपैकी प्रत्येक खांब एका माणसासाठी आहे. सरकारने जे मोजलं नाही ते नागरिकांनी मोजलं.

तिसरी पायरी झाकण्याची.

झाकायचे प्रकार किती! सप्टेंबर २००१ मध्ये संसदेने कायदा करून ख्रिसमस बेट स्थलांतराच्या कायद्यापुरतं देशाबाहेर काढलं. बेट जिथे होतं तिथेच राहिलं, तिथला झेंडाही तोच राहिला. पण तिथे बोटीतून उतरणारा माणूस, कायद्याच्या लेखी, ऑस्ट्रेलियात आश्रय मागण्याजोगा पोहोचलाच नाही. मे २०१३ मध्ये तर आख्ख्या मुख्य भूमीला हाच नियम लागू झाला. एका सबंध खंडावर पाय ठेवूनही तिथे न पोहोचलेला माणूस केवळ कागदावरच निर्माण होऊ शकतो.

सप्टेंबर २०१३ मध्ये बोटी अडवण्याची नवी मोहीम सुरू झाली, तिचं नाव ‘सार्वभौम सीमा’. एका लष्करी जनरलच्या हाती तिची सूत्रं दिली. नि:शस्त्र, भुकेल्या, उलट्या करणाऱ्या माणसांच्या बोटी, आणि त्यांच्यासमोर युद्धाची भाषा. युद्ध म्हटलं की गुप्तता ओघानेच येते. किती बोटी अडवल्या, माणसांचं काय केलं, असं वार्ताहरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं असे: ‘पाण्यावरच्या बाबींबद्दल’ आम्ही बोलत नाही. पाण्यावर लोकांच्या करातून चालणारं लोकांचं नौदल होतं, आणि लोकांनाच विचारायची बंदी. २०१५ च्या एका कायद्याने तर स्थानबद्धता केंद्रांमध्ये काम करणाऱ्यांनी तिथली माहिती बाहेर सांगितली तर दोन वर्षं कैदेची तरतूद केली. डॉक्टरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांना त्यातून वगळावं लागलं.

आणि जिथे माहिती द्यावीच लागे, तिथे काय होई? फेब्रुवारी २०१४ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर, ऑस्ट्रेलियाने आश्रयार्थींना ठेवलेल्या केंद्रात, दंगल झाली आणि एका तरुण इराणी आश्रयार्थीचा खून झाला. मंत्री मॉरिसन यांनी आधी सांगितलं, तो केंद्राच्या बाहेर होता. बाहेर होता म्हणजे पळून गेला होता, म्हणजे दोष त्याचाच, असा अर्थ लोकांनी लावला. काही दिवसांनी मंत्र्यांना दुरुस्ती करावी लागली. तो आतच होता. सरकारच्या ताब्यात होता.

बेहरूझ बुचानी हे इराणमधले कुर्दी पत्रकार. २०१३ मध्ये त्यांना मानुसवर नेलं. तिथे त्यांची ओळख बोटीवरून पडलेल्या क्रमांकाने होती. त्यांनी काय केलं? मोबाइलवर फारसीत एकेक मजकूर लिहून व्हॉट्सॲपने बाहेर पाठवला. त्याचं पुस्तक झालं, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियातलाच व्हिक्टोरियन साहित्य पुरस्कार मिळाला. पुरस्कार घ्यायला लेखक जाऊ शकला नाही. तो अजून बेटावरच होता. ज्या देशाने त्याला आत घेतलं नाही, त्या देशाच्या वाचकांनी त्याला वाचलं. मला यातून मोठी आशा वाटते. झाकलेलं उघडं पडलं तर माणसं पाठ फिरवत नाहीत.

चौथी पायरी दयेची. इथे मला सावकाश बोलायचं आहे, कारण इथे प्रामाणिक माणसांचंही मन अडखळतं.

सरकार म्हणतं, आम्ही बोटी थांबवल्या म्हणून जीव वाचले. हा दावा हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक बोट आदळली आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर पन्नासेक माणसं गेली. त्या काही वर्षांत हजाराहून अधिक लोक या वाटेवर बुडाले असावेत, असा अंदाज आहे. पैसे घेऊन कुजक्या बोटीत दुप्पट माणसं कोंबणारे दलाल खरे आहेत. आपल्या सीमेवर कोण येतं, हे ठरवायचा अधिकार राष्ट्राला आहे, हेही खरं. आणि २०१४ नंतर तिथे बोटी पोहोचणं जवळपास थांबलं, हेही खरं.

मग आक्षेप काय? आक्षेप असा की दया हे हेतूचं नाव आहे आणि ते हिशेबाच्या जागी वापरलं गेलं. जीव वाचवणं हा हेतू असेल तर परत वळवलेल्या बोटीतल्या माणसाचं पुढे काय झालं, हे सांगा. तो वाचला का? पुन्हा त्याच छळणाऱ्यांच्या हाती पडला का? हे विचारलं की ‘पाण्यावरच्या बाबी’. जीव वाचवणं हा हेतू असेल तर ज्यांचे जीव वाचले त्यांना बेटांवर वर्षानुवर्षं कशासाठी ठेवलं? दुसऱ्यांनी येऊ नये म्हणून. म्हणजे एका माणसाच्या यातना दुसऱ्या माणसासाठी लावलेली पाटी झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसवरची ही स्थानबद्धता घटनाबाह्य ठरवली. २०१७ मध्ये तिथे ठेवलेल्या लोकांनी भरलेल्या दाव्यात ऑस्ट्रेलियाच्या सरकारने सात कोटी डॉलर देऊन तडजोड केली, मात्र चूक कबूल केली नाही. दयेच्या कामाची भरपाई कुणी सात कोटी डॉलरने करतं का?

जीव वाचवायचे खरे मार्ग आहेत. छावण्यांमधून जास्त लोकांना रीतसर नेणं, अर्जांची छाननी लवकर आणि जवळच्या ठिकाणी करणं, कुटुंबांना एकत्र येऊ देणं. हे मार्ग महाग आहेत, अवघड आहेत, मतं घालवणारे आहेत. सरकारने खुशाल म्हणावं की आम्हाला ते परवडत नाहीत. त्यावर वाद घालता येतो, मतदान करता येतं. लोकशाही त्यासाठीच असते. पण न परवडण्याला करुणा म्हटलं की वादच संपतो.

आता आपलं काय?

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. म्हणजे आपल्याकडे आश्रय मागणाऱ्या माणसाचं भवितव्य, कायद्यापेक्षाही जास्त, सरकार आणि वर्तमानपत्रं त्याला काय म्हणतात यावर ठरतं. ‘घुसखोर’ हा एक शब्द आपल्या मथळ्यांत किती सहज येऊन बसतो! त्यातले काही जण खरोखर घुसखोर असतील. पण जीव वाचवायला आलेला रोहिंग्या आणि दुसऱ्या हेतूने आलेला माणूस, या दोघांना चौकशीआधीच एका शब्दात कोंबलं की चौकशीची गरजच संपते.

आपल्याकडे वेगळंही घडलेलं आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आपल्याकडे आली. देश गरीब होता, महागाई होती, पुढे युद्ध दिसत होतं. तरी सरकारने त्यांना शरणार्थी म्हटलं आणि त्या वर्षी नोव्हेंबरपासून टपालावर शरणार्थी साहाय्यासाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावलं. सभागृहातल्या ज्येष्ठांना ते आठवत असेल. शरणार्थी परत जावेत, ही सरकारची भूमिका तेव्हाही होतीच. पण सरकारने लोकांना खरं काय ते सांगितलं: माणसं संकटात आहेत, ओझं मोठं आहे, ते तुम्हालाही उचलावं लागेल. आणि लोकांनी ते उचललं.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. निर्वासितांबद्दल कुठल्याही सरकारचं निवेदन वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. ही माणसं कोण आहेत? त्यांच्याबाबत जे केलं ते कुणी केलं? आणि त्यानंतर त्यांचं काय झालं? निवेदनात या तिन्हींची उत्तरं नसतील तर संमती देऊ नका. मुद्दा संपादकांपर्यंत न्या, लोकप्रतिनिधींपर्यंत न्या, घरी जेवताना मुलांशी बोला. किती लोकांना आत घ्यायचं, यावर आपले मतभेद असतील. जरूर असावेत. पण ते मतभेद खऱ्या माणसांविषयी आणि खऱ्या घटनांविषयी असले पाहिजेत. आपल्या नावाने जे केलं जातं ते आपल्याला आपल्या भाषेत, जसं आहे तसं सांगितलं जावं, हा नागरिकाचा पहिला हक्क आहे. तो आपण सोडला, तर बोटीतल्या माणसाचा शेवटचा आधारही आपण काढून घेतलेला असेल.